काशीचा मराठी गणितवारसा आणि विज्ञानातील मुली

वाराणसी : पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या गंगेच्या लगतच्या घाटांमागील अरुंद गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. वेदाध्ययन, याज्ञिकी आणि तीर्थवास यांसाठी दक्षिणेतून आलेल्या घराण्यांची ही वस्ती. ब्रह्मा घाटावरील नाना फडणवीसांचा वाडा आणि तेथील गणेशोत्सव ही तिची आजची परिचित खूण. काशीतील महाराष्ट्रीय पंडितांनी व्याकरण आणि धर्मशास्त्राप्रमाणेच गणित व ज्योतिषातही नाव मिळवले.

या परंपरेतील सर्वांत ठळक नाव बापूदेव शास्त्री यांचे. १८२१ मध्ये महाराष्ट्रात जन्मलेले बापूदेव नागपूरला ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ शिकले आणि १८४२ मध्ये बनारस संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. भारतीय ज्योतिर्गणिताला पाश्चात्त्य गणिताची जोड देणाऱ्या आरंभीच्या पंडितांत त्यांची गणना होते. ‘सूर्यसिद्धान्ता’चा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

यात एक विसंगती आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’तील कित्येक उदाहरणे एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत. ती भास्कराचार्यांची कन्या होती, ही कथा फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फार्सी अनुवादातून पसरली. तिला समकालीन आधार नाही. कथा खरी असो वा नसो, प्रश्न मुलीला विचारलेले आणि पाठशाळेत बसून ते सोडवणारे मात्र मुलगे, असे शतकानुशतके चालले. काशीत हे चित्र पालटू लागले ते विसाव्या शतकात. ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये सेंट्रल हिंदू मुलींची शाळा सुरू झाली आणि १९२९ मध्ये हिंदू विश्वविद्यालयात महिला महाविद्यालय उभे राहिले.

दार उघडले तरी उंबरठा ओलांडणे सोपे नव्हते. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून नकार दिला. कमलाबाई, म्हणजे लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी, माघारी फिरल्या नाहीत. अखेर पहिले वर्ष परीक्षाधीन ठेवण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवरील त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले व संस्था पुढील विद्यार्थिनींना खुली झाली. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या आणि पुढे कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेल्या. त्यांच्या वडिलांनी व काकांनी याच बंगळूरच्या संस्थेत रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता, हा तपशील महत्त्वाचा. घरात विज्ञानाचे वातावरण असूनही इतके झगडावे लागले, तर ज्यांच्या घरी ते नव्हते त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

अडथळा नेहमी असा उघड नकाराच्या रूपात येतोच असे नाही. कणभौतिकीतज्ज्ञ रोहिणी गोडबोले यांनी पुण्यातील आपल्या मुलींच्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. सातवीपर्यंत तेथे विज्ञानाऐवजी गृहविज्ञान शिकवले जाई. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्यांना विज्ञानाचा अभ्यास स्वतःच करावा लागला. कोणाचाही विरोध नव्हता, केवळ विषयच वेळापत्रकात नव्हता. पुढे मुंबईच्या आयआयटीतून त्या एम.एस्‌सी. झाल्या, अमेरिकेत पीएच.डी. केली आणि बंगळूरच्या त्याच विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी संपादित केलेला ‘लीलावतीज् डॉटर्स’ हा भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या चरित्रकथांचा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव अर्थातच बाराव्या शतकातील त्या ग्रंथावरून घेतलेले.

आज मुलींना विज्ञानाची आवड नाही, असे म्हणण्यास आकड्यांचा आधार उरलेला नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार पदवीपासून पीएच.डी.पर्यंत विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत मुलींचा वाटा ५२.१ टक्के होता. मात्र संशोधन व विकासाच्या प्रत्यक्ष कामात २०१८ मध्ये स्त्रिया होत्या १६.६ टक्के. दोन्ही आकडे एकाच वर्षाचे नाहीत, तरीही त्यांतील अंतर बोलके आहे. गळती वर्गात नव्हे, वर्गानंतर होते. लग्न, स्थलांतर आणि मुलांचे संगोपन नेमके त्या वयात येते, ज्या वयात संशोधकाला पहिली कायम जागा मिळायची असते. ११ फेब्रुवारीला, विज्ञानातील महिला व मुलींच्या आंतरराष्ट्रीय दिनी, शाळाशाळांत भाषणे होतात. या गळतीवर त्यांचा फारसा उपयोग नाही.

अभियांत्रिकीत मात्र प्रवेशाच्या टप्प्यावरच मुली मागे आहेत. आयआयटींत त्यांचे प्रमाण दीर्घकाळ दहा टक्क्यांच्या आत होते. २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण करून हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या जागा मूळ संख्येवर वाढीव असल्याने मुलांची एकही जागा कमी होत नाही, ही गोष्ट वादविवादात अनेकदा विसरली जाते. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘विज्ञान ज्योती’ योजना त्याहून आधीच्या टप्प्यावर, नववी ते बारावीच्या मुलींसाठी आहे. तीत प्रयोगशाळांच्या भेटी, मार्गदर्शन आणि स्पर्धा परीक्षांची तयारी यांवर भर असतो.

वाराणसीत आयआयटी आणि हिंदू विश्वविद्यालय नगराच्या दक्षिण टोकाला एकाच परिसरात आहेत. ब्रह्मा घाटावरील मुलीला तेथे शिकण्यासाठी गाव सोडावे लागत नाही. मात्र त्या वाटेवरचा पहिला फाटा दहावीनंतर, विषय निवडतानाच लागतो आणि तो निर्णय बहुधा घरातच होतो.