माय आंतोनिया

विला कॅथर (१८७३–१९४७) या अमेरिकन लेखिकेची १९१८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. नेब्रास्काच्या गवताळ मैदानावर, म्हणजे प्रेअरीवर, युरोपातून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांचे जगणे तिच्यात आहे. कॅथर स्वतः नवव्या वर्षी, १८८३ मध्ये, व्हर्जिनियातून तिथे आल्या. कादंबरीतले ब्लॅक हॉक म्हणजे त्यांचे रेड क्लाउड हे गाव. नायिका त्यांच्या ओळखीच्या ॲना पावेल्का या बोहेमियन स्त्रीवर बेतलेली आहे.

निवेदक जिम बर्डन हा पोरका मुलगा आजी-आजोबांकडे येतो, त्याच आगगाडीने नायिका आंतोनियाचे बोहेमियातले शिमेर्दा कुटुंबही येते. उतारात खोदलेल्या खोपटात त्यांचा पहिला हिवाळा उपासमारीत जातो. मदत घेऊन आलेल्या जिमच्या आजीला शिमेर्दाबाई पेलाभर वाळके, तपकिरी तुकडे फडक्यात बांधून देतात. हे खायचे की काय, अशा शंकेने आजी ती पुरचुंडी चुलीत टाकते. जिम मात्र एक तुकडा चावून बघतो. ती बोहेमियाच्या रानातून जपून आणलेली अळंबी होती, हे त्याला कित्येक वर्षांनी उमगते. परमुलखात आलेल्या माणसाचे दैन्य आणि मान एवढ्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवले असेल.

त्याच हिवाळ्यात आंतोनियाचे वडील आत्महत्या करतात. नॉर्वेजियनांच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळत नाही, म्हणून शेताच्या कोपऱ्यावर पुरतात. पुढे रस्ते होतात, पण थडग्यापाशी थोडे वळून जातात; तिथले तांबडे गवत कुणी कापत नाही.

कथानकाच्या ओढीने वाचणाऱ्याची इथे निराशा होईल. पाचही भाग सैल आहेत, लेना लिंगार्ड या दुसऱ्या तरुणीवरच्या भागात तर आंतोनिया जवळजवळ दिसतच नाही. पण हा सैलपणा आठवणींचा आहे आणि तो कादंबरीला शोभतो. फसवली गेलेली, लग्नाआधी आई झालेली आंतोनिया अखेरच्या भागात भरल्या घरात, मुलांच्या गराड्यात भेटते. कॅथर तिला ना शिक्षा देतात, ना तिची कीव करतात. १९१८ साली हे धाडसच होते.

उणीव आहे ती वेगळी. पहिल्या बर्फात उठून दिसणाऱ्या गवतातल्या मोठ्या वर्तुळावरून तिथल्या मूळ रहिवाशांचा विषय निघतो, पण त्यांचे पुढे काय झाले हे कादंबरी विचारत नाही.