नवशिक्याचा पंख : पॅराग्लायडरची रचना, साहित्य आणि हाताळणी

पावसाळा सरला की कामशेत परिसरातील टेकड्यांवर पॅराग्लायडरचे रंगीत पंख पुन्हा दिसू लागतात. ऑक्टोबर ते मे असा हा हंगाम असतो. या काळात पुण्या-मुंबईकडील अनेक हौशी मंडळी उड्डाणाचे पहिले धडे येथे गिरवतात. शिकाऊ उमेदवाराच्या हाती जो पंख दिला जातो तो ‘सुरक्षित’ वर्गातील असतो, असे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. असा पंख पायलटच्या अनेक चुका पोटात घालतो, पण तीन अटींवर. त्याची भूमिती कारखान्यातून बाहेर पडताना होती तशीच राहिली पाहिजे, त्याच्याखाली योग्य तेवढेच वजन असले पाहिजे आणि सावरण्यासाठी त्याला पुरेशी उंची मिळाली पाहिजे. या अटी समजून घ्यावयाच्या तर पंखाची जडणघडण प्रथम पाहावयास हवी.

हवेचा सांगाडा

पॅराग्लायडरच्या पंखात विमानासारखा धातूचा किंवा हँग ग्लायडरसारखा नळ्यांचा सांगाडा नसतो. वरचा आणि खालचा असे कापडाचे दोन थर आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्या कापडी फासळ्या मिळून लांबट कप्पे तयार होतात. पुढच्या कडेला या कप्प्यांना तोंडे असतात, मागची कड मात्र शिवून बंद केलेली असते. पंख पुढे सरकू लागला की वारा तोंडातून आत शिरतो, कप्पे फुगतात आणि कापडाला पंखाचा आकार येतो. फासळ्यांना आडवी छिद्रे असल्याने हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते व दाब सर्वत्र सारखा राहतो. अमेरिकेतील पतंगरचनाकार डोमिना जालबर्ट यांनी १९६४ मध्ये अशा रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे १९७८ मध्ये फ्रान्समधील मिऊसी या गावी काही पॅराशूटपटूंनी डोंगरउतारावरून धावत जाऊन अशाच पॅराशूटने उड्डाणे केली आणि आजच्या पॅराग्लायडिंगचा पाया घातला गेला.

हा सांगाडा किती नाजूक असतो, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणाऱ्या पंखात बाहेरच्यापेक्षा फक्त सुमारे ६० पास्कल अधिक दाब असतो. म्हणजे ६ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराचा जेवढा दाब, तेवढाच. एवढ्याशा दाबावर माणसाचा भार पेलणारा पंख ताठ राहतो. अशांत हवेत वारा क्षणभर वरून आला तर पुढची कड खाली दबते आणि पंखाचा काही भाग मिटतो. यालाच ‘कोलॅप्स’ म्हणतात. कोणताही पॅराग्लायडर यातून सुटलेला नाही. नवशिक्याच्या आणि स्पर्धेच्या पंखात फरक असतो तो मिटण्यानंतरच्या वर्तनात.

नवशिक्यासाठी वेगळे काय?

पहिला फरक लांबी-रुंदीच्या प्रमाणात असतो. पंखाच्या लांबीच्या वर्गाला क्षेत्रफळाने भागले की हे प्रमाण मिळते. २६ चौरस मीटरचा पंख ११.२ मीटर लांब असेल तर त्याचे प्रमाण ४.८ इतके येते. शिकाऊ पंखांत ते साधारणपणे ४.५ ते ५ च्या घरात ठेवतात, तर स्पर्धेच्या पंखांत ते ७ च्याही पुढे जाते. लांबट, निमुळता पंख दूरवर तरंगतो खरा, पण मिटल्यावर त्याचे टोक दोऱ्यांत अडकण्याचा संभव अधिक असतो आणि तो वेगाने गिरकी घेतो. आखूड, रुंद पंख कामगिरीत मागे पडतो, मात्र तो चटकन पुन्हा फुगतो.

याच्या जोडीला कप्प्यांची संख्या मर्यादित असते, पुढची तोंडे ऐसपैस असतात आणि पंखाचा छेद जाडसर असतो. अलीकडच्या पंखांत पुढच्या कडेत नायलॉनच्या बारीक लवचिक काड्या बसवलेल्या असतात. त्यामुळे तोंडे उघडी राहतात व पंख सहज डोक्यावर येतो. ब्रेकचा पल्लाही लांब असतो. स्टॉल होण्यापूर्वी, म्हणजे पंखाची उचल संपण्यापूर्वी, पायलटला हात बरेच खाली ओढावे लागतात आणि ओढ वाढत गेल्याचे हातांना स्पष्ट जाणवते. पायलट पंखापासून सहा-सात मीटर खाली लटकत असल्याने लंबकासारखी एक उपजत स्थिरताही लाभते. अशा पंखाचा सर्वसाधारण वेग ताशी ३६ ते ३८ किलोमीटर असतो आणि १ मीटर खाली येताना तो शांत हवेत ८ ते ९ मीटर पुढे जातो.

‘ए’ वर्गाचा नेमका अर्थ

पंखांची वर्गवारी युरोपीय मानकानुसार होते. ईएन ९२६-१ मध्ये मजबुतीची आणि ईएन ९२६-२ मध्ये उड्डाणातील वर्तनाची चाचणी असते. मजबुतीच्या चाचणीत कमाल वजनाच्या आठपट भार पंखाला पेलावा लागतो. १०० किलोची मर्यादा असलेल्या पंखाने ८०० किलोचा भार सोसलेला असतो. वर्तनाच्या चाचणीत अनुभवी पायलट पंख मुद्दाम मिटवतात व तो कसा सावरतो ते नोंदवतात. पंख ए, बी, सी, डी अशा चार वर्गांत मोडतात. एका बाजूने मोठा भाग मिटल्यावर ‘ए’ वर्गाच्या पंखाने पायलटच्या मदतीशिवाय पुन्हा उघडावयाचे असते आणि तोवर ९० अंशांपेक्षा कमी वळावयाचे असते. समोरून मिटल्यास त्याने ३ सेकंदांच्या आत सावरणे अपेक्षित असते.

मात्र या चाचण्या शांत हवेत, जमिनीपासून भरपूर उंचीवर आणि सुस्थितीतील पंखावर घेतल्या जातात. कामशेतला एप्रिलच्या भर दुपारी काळ्या कातळावरून उसळणारी तप्त हवा त्या चाचणीत नसते. शिवाय ३ सेकंदांत सावरणाऱ्या पंखाला ती ३ सेकंदे काढण्याइतकी उंची लागते. जमिनीपासून पंधरा-वीस मीटरवर ती मिळेलच याची हमी कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. म्हणूनच नवशिक्यांना सकाळी आणि सायंकाळी, वारा मंद व एकसारखा असताना उडवतात. त्या वेळा निवडणे हा पंखाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

वजनाचे गणित

प्रत्येक पंखावर वजनाची किमान व कमाल मर्यादा छापलेली असते. हे केवळ शरीराचे वजन नव्हे. पायलट, पंख, हार्नेस, राखीव पॅराशूट, हेल्मेट, बूट, पाणी या सर्वांची ती बेरीज असते. ७५ किलोच्या माणसाचे हवेतील वजन त्यामुळे सहज ९० ते ९५ किलो भरते.

आतील दाब वजनाच्या प्रमाणात बदलतो. त्याच पंखाखाली वजन १० टक्क्यांनी कमी झाले तर वेग सुमारे ५ टक्क्यांनी आणि दाब सुमारे १० टक्क्यांनी घटतो. हलक्या पायलटने मोठा पंख घेतला तर तो सैल राहतो, मिटण्यास अधिक प्रवृत्त होतो आणि समोरच्या वाऱ्यात पुढे सरकत नाही. याउलट जड पायलटखाली लहान पंख वेगवान व तापट बनतो. त्याची वळणे तीव्र होतात आणि उतरतानाचा वेग वाढतो. मित्राचा पंख एका दिवसासाठी मागून उडणाऱ्याने हा छापील आकडा अवश्य पाहावा.

कापड आणि दोऱ्या

पंखाचे कापड ‘रिपस्टॉप’ विणीच्या नायलॉनचे असते. या विणीत ठराविक अंतरावर जाड धागे घातलेले असल्याने बारीकशी फाट पुढे पसरत नाही. एका चौरस मीटर कापडाचे वजन साधारण २७ ते ४५ ग्रॅम भरते. शिकाऊ पंखांत त्यातील जाडसर, टिकाऊ कापड वापरले जाते. कापडावर पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनचा लेप असतो आणि हवा अडविण्याचे काम मुख्यतः तोच करतो. लेप झिजला की कापडातून हवा झिरपू लागते, पंख डोक्यावर येण्यास वेळ लावतो आणि त्याचा स्टॉलकडे कल वाढतो.

लेपाचा पहिला शत्रू ऊन होय. उड्डाणाच्या तासांइतकेच टेकडीवर पसरून ठेवलेल्या पंखाचे तासही त्याच्या आयुष्यातून वजा होतात. वाळू, वाळलेल्या गवताची कुसळे आणि जमिनीवर ओढणे यांनीही लेप खरवडला जातो.

दोऱ्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. डायनिमा लवचिक असते व वारंवार दुमडणे सोसते, पण उष्णतेने आणि काळानुसार आखडते. ॲरामिड धाग्याची लांबी सहसा बदलत नाही, पण ऊन व वारंवार पडणाऱ्या घड्या त्याला कमकुवत करतात. दोऱ्या पुढून मागे ए, बी, सी अशा रांगांत विभागलेल्या असून त्या ‘रायझर’ नावाच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात. बहुतांश भार ए आणि बी रांगांवर असतो. त्या ताणलेल्या राहतात आणि कमी भाराच्या मागच्या दोऱ्या हळूहळू आखडतात. पुढच्या व मागच्या रांगांत दीड मीटर अंतर धरले, तर मागच्या दोऱ्या २ सेंटिमीटर आखूड झाल्याने पंखाचा कोन सुमारे पाऊण अंशाने बदलतो. परिणामी पंख संथ होतो आणि स्टॉलच्या जवळ उडू लागतो. डोळ्यांना काहीही दिसत नाही. शिक्का ‘ए’चाच असतो, पंख मात्र तो राहिलेला नसतो.

जमिनीवर आणि हवेत

पंखाची ओळख जमिनीवरच होते. मोकळ्या, सपाट जागी, ताशी १० ते १५ किलोमीटर वाऱ्यात पंख डोक्यावर उचलून धरण्याचा सराव जितका अधिक, तितके उड्डाण सुखरूप. याही वेळी हेल्मेट हवेच. वाऱ्याने ओढून नेले तर दोन्ही हातांनी सी रायझर खेचावेत आणि पंखाच्या दिशेने धावावे.

उड्डाणापूर्वी पंख पूर्ण पसरून कप्पे, शिवण व दोऱ्या पाहाव्यात. दोरीला गाठ नाही, काटकी अडकलेली नाही याची खात्री करावी. रायझर पिळलेले नसावेत, ब्रेक मोकळे फिरावेत. हार्नेसचे मांडीपट्टे बांधले आहेत का, हे स्वतः हात लावून तपासावे. पंख डोक्यावर आल्यावर एकदा वर पाहावे. गाठ दिसली तर धाव थांबवावी.

हवेत ब्रेकच्या दोऱ्यांवर हलका ताण ठेवावा, जेणेकरून पंखाची हालचाल हाताला कळते. एक बाजू मिटल्यास शरीराचा भार उघड्या बाजूला टाकावा आणि दिशा राखण्यापुरताच त्या बाजूचा ब्रेक वापरावा. दिशा स्थिर झाल्यावर मिटलेल्या बाजूचा ब्रेक एकदा लांब ओढून सोडावा. घाबरून उघड्या बाजूचा ब्रेक खोल खेचला तर तीही बाजू स्टॉल होते आणि आपसूक सावरू शकणारा पंख पायलटच्याच हाताने कोसळतो. समोरून मिटल्यास हात वर घ्यावेत. वेगपट्टी, म्हणजे पायाने दाबावयाचा ‘स्पीड बार’, दाबल्याने पंख कोलॅप्सच्या अधिक जवळ जातो. म्हणून जमिनीजवळ किंवा अशांत हवेत तिचा वापर टाळावा. पावसात पंख भिजला तर स्टॉलचा धोका वाढतो. अशा वेळी ब्रेक जोराने न ओढता लवकर उतरावे.

काळजी, साठवण आणि जुना पंख

उतरल्यावर पंख ताबडतोब उचलून सावलीत घडी करावा. पुढच्या कडेतील काड्या एकावर एक सपाट राहतील अशी घडी घालावी. आत अडकलेले टोळ व किडे काढून टाकावेत, कारण पिशवीत कोंडलेला टोळ कापड कुरतडतो. धुण्याची वेळ आलीच तर केवळ स्वच्छ पाणी व मऊ फडका वापरावा. साबण टाळावा. खारे पाणी लागल्यास गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत पंख ठेवू नये. मेअखेरीस हंगाम संपल्यावर पंख पूर्ण वाळवून, पिशवीत घट्ट न आवळता, कोरड्या जागी ठेवावा आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा घरातच पसरून हवा द्यावी. चार महिन्यांचा दमटपणा लेपाला व कापडाला घातक ठरतो.

बहुतेक उत्पादक साधारण १०० तास किंवा २ वर्षे, यांतील जे आधी येईल तेव्हा तपासणी सुचवतात. त्यात कापडातून हवा झिरपण्याचे प्रमाण, दोऱ्यांची ताकद व प्रत्येक दोरीची लांबी मोजली जाते. वापरलेला पंख विकत घेणाऱ्याने रंगावर न भुलता या तपासणीचा लेखी अहवाल मागावा. काही जुन्या पंखांवर ‘डीएचव्ही १’ असा जर्मन वर्गवारीचा शिक्का आढळतो. तो ‘ए’ वर्गाशी मिळताजुळता असला तरी ती वर्गवारी मागे पडून बराच काळ लोटला आहे. असा पंख दीड दशकाहून जुना असण्याचीच शक्यता अधिक. शिकाऊ माणसाला स्वस्तात मिळतो म्हणून नेमका असाच पंख गळ्यात मारला जातो, आणि बिघडलेल्या पंखाची चाहूल ओळखण्याचा अनुभव नेमका त्यालाच नसतो. हवा झिरपण्याचे व दोऱ्यांच्या लांबीचे आकडे हाती नसतील, तर तो सौदा आपल्या प्रशिक्षकाला दाखविल्याशिवाय करू नये.