जोखनबागेचा दोष

झाशीच्या राणीचे नाव निघाले की पाठीशी मूल बांधून घोडा फेकणारी वीरांगना आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आज मी ज्या प्रसंगाविषयी बोलणार आहे, तो त्या चित्राच्या आधीचा, सुमारे नऊ-दहा महिने आधीचा आहे. त्या प्रसंगात राणीच्या हाती तलवार नव्हती. तरीही त्याचा डाग तिच्या नावाला दीर्घकाळ चिकटून राहिला. एखाद्या सार्वजनिक संकटानंतर दोष कोणाच्या माथी कसा बसतो, याचा इतका बोधप्रद दाखला आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

प्रथम घटना पाहू. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा लॉर्ड डलहौसीने वारस म्हणून मान्य केला नाही आणि १८५४ साली झाशी संस्थान खालसा झाले. राणीला दरमहा पाच हजार रुपयांचे वेतन ठरले. शहरात गोवध सुरू झाला, महालक्ष्मीच्या देवस्थानाकडे असलेली गावे गेली. असंतोषाची बीजे अशी सरकारनेच पेरली होती.

५ जून १८५७ रोजी झाशीच्या छावणीतील बाराव्या पलटणीच्या शिपायांनी दारूगोळा व खजिना असलेला लहान किल्ला ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी कॅप्टन डनलॉप मारला गेला. सुपरिंटेंडेंट स्कीन, त्याचे सहकारी आणि त्यांची कुटुंबे शहराच्या किल्ल्यात जाऊन बसली. ८ जूनला जीवदानाचे आश्वासन मिळाल्यावर ती सर्व मंडळी खाली उतरली. त्यांना तटाबाहेरील जोखनबागेत नेण्यात आले आणि तेथे स्त्रिया व मुले यांसह सुमारे साठ जणांची कत्तल झाली. त्यानंतर चार दिवसांच्या आत शिपाई राणीकडून पैसा उकळून दिल्लीच्या वाटेला लागले. निःशस्त्र माणसांना वचन देऊन मारणे हे कोणत्याही धर्मात पापच होय, आणि आपण आपल्या अभिमानापोटी त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

आता ही वार्ता इंग्लंडात कशी पोचली ते पाहावे. त्या काळी हिंदुस्थानातून लंडनला थेट तारायंत्र नव्हते. बातमी कित्येक आठवडे प्रवास करी, आणि वाटेत ती वाढत जाई. झाशीच्या वार्तेचे दोन फाटे फुटले. एका कथेत कॅप्टन स्कीनने शत्रूच्या हाती पडू नये म्हणून किल्ल्याच्या बुरुजावर आपल्या पत्नीला व मग स्वतःला गोळी घातली. ख्रिस्तिना रोझेटी या नामवंत कवयित्रीने या कथेवर कविता रचली. वस्तुतः स्कीन दांपत्यही इतरांबरोबर जोखनबागेतच मारले गेले होते. ही गोष्ट कळल्यावर रोझेटीने पुढे आपल्या कवितेला टीप जोडून, ही रचना इतिहासाला धरून नाही असे प्रांजळपणे सांगितले. दुसऱ्या कथेत स्त्रियांच्या विटंबनेची वर्णने होती, आणि या साऱ्याची आज्ञा देणारी म्हणून राणीचे नाव गोवले होते. या दुसऱ्या कथेला मात्र टीप जोडण्याची घाई कोणी केली नाही. १८५८ साली ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल स्वतः हिंदुस्थानात आला, तेव्हा अशा अनेक अत्याचारकथांना पुरावा नाही असे त्याला आढळले. परंतु तोवर सूडाची भाषा घरोघर पोचली होती आणि दयेची भाषा करणाऱ्या लॉर्ड कॅनिंगची वृत्तपत्रांतून टर उडवली जात होती.

राणीची बाजू कोठे होती? ती सरकारच्याच दप्तरात होती. १२ व १४ जून रोजी राणीने जबलपूरचा कमिशनर अर्स्किन यास पत्रे पाठविली. शिपायांच्या क्रौर्याचा तीत निषेध होता. आपल्यापाशी वाड्याच्या रक्षणापुरतीच मोजकी माणसे असल्याने साहाय्य करता आले नाही याची खंत होती. वाडा उडवून देण्याची धमकी मिळाल्याने द्रव्य द्यावे लागल्याची कबुलीही होती. अर्स्किनने २ जुलैला उत्तर देऊन, इंग्रज अधिकारी येईपर्यंत जिल्ह्याचा कारभार राणीनेच पाहावा असे कळविले. कलकत्त्याच्या सरकारने ही व्यवस्था मान्य केली. मात्र राणीचा वृत्तांत खोटा ठरल्यास तिला या पत्राचे संरक्षण मिळणार नाही, असेही बजावले. पुढे ओर्छ्याच्या नथेखानाने झाशीवर चाल केली तेव्हा राणीने इंग्रजांकडे मदत मागितली. ती मिळाली नाही. चौकशीचा निकाल लागण्यापूर्वीच तिच्याविषयीचे मत पक्के झाले होते.

तिच्याविरुद्ध जबान्या नव्हत्या असे नाही. परंतु त्या परस्परांशी जुळत नाहीत. इंग्रज इतिहासकार जॉन के याने, राणीचा कोणीही नोकर कत्तलीच्या जागी हजर नव्हता, उलट सरकारच्याच तुरुंगाचा दारोगा त्यात अग्रभागी होता, अशी आपणास मिळालेली माहिती नमूद केली आहे. १८९४ साली दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणीचे मराठी चरित्र प्रसिद्ध करून हा पक्ष आपल्या वाचकांपुढे ठेवला. १९५७ साली सुरेंद्रनाथ सेन व रमेशचंद्र मजुमदार हे दोन इतिहासकार, एरवी मतभेद असूनही, जोखनबागेचा दोष राणीकडे जात नाही याविषयी एकमत झाले.

मिथ्या दोषारोपाचे मोल झाशी शहराने दिले. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोझच्या फौजेने शहर घेतले, तेव्हा जोखनबागेचा सूड हे शब्द सैनिकांच्या तोंडी होते. त्या वेळी शहरात असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात घरोघर चाललेली कत्तल, लूट आणि ग्रंथसंग्रहाचा नाश पाहून लिहिला आहे. मारल्या गेलेल्या सहस्रावधी नागरिकांपैकी जोखनबागेशी संबंध असलेले कितीसे असतील?

दोषाचा विचार करताना चार प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. कृत्य कोणी केले? आज्ञा कोणी दिली? ते थोपविण्याचे सामर्थ्य कोणापाशी होते? आणि ती परिस्थिती कोणी निर्माण केली? या चारही प्रश्नांना एकच नाव उत्तर म्हणून देण्यात सोय असते. तेव्हाच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी ती सोय साधली. डलहौसीचा निर्णय, छावणीतील बेसावधपणा, शिपायांचा विश्वासघात हे सारे एका स्त्रीच्या नावाआड झाकले गेले.

पण हा मोह आपल्याकडेही आहे. राणी पहिल्या दिवसापासून कटात होती असे अभिमानाने सांगणारे आपले काही लेखक तिची अर्स्किनला लिहिलेली पत्रे अडगळीत टाकतात. त्यांत शौर्य नाही, असहायता आहे, म्हणून ती त्यांना नको असतात. परंतु ती पत्रे काढून टाकली की जोखनबागेचे रक्त आपण स्वहस्ते तिच्या पदराला लावतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. मला तर ती पत्रे तिच्या थोरवीचाच पुरावा वाटतात. जे घडले ते भीषण होते, मी ते थांबवू शकले नाही आणि मी पैसे दिले, एवढे सत्य तिने लिहून दिले. मग वाऱ्यावर पडलेल्या शहराची जबाबदारी उचलली आणि १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ देह ठेवीपर्यंत ती टाळली नाही. दोष दुसऱ्यावर ढकलणाऱ्यांच्या त्या गर्दीत जबाबदारी घेणारी ती एक होती, एवढे जरी आपण स्मरले तरी तिच्याशी न्याय केल्यासारखे होईल.