खुडूक कोंबडीचा मान

परसदारी कोंबड्या पाळायच्या म्हटल्या की जो तो विचारतो, “अंडी किती देते?” मी मास्तर माणूस, मी विचारतो, “खुडूक बसते का?”

पांढरी लेगहॉर्न मूळची इटलीची. लिव्होर्नो बंदराच्या इंग्रजी नावावरून तिचे नाव पडले. गेल्याच्या गेल्या शतकात ती अमेरिकेत गेली आणि तिचे नशीब फिरले. कॅलिफोर्नियात पेटालुमा म्हणून गाव आहे. तेथे १८७९ साली लायमन बाइसने अंडी उबवण्याचे यंत्र उभे केले, आणि गाव अंड्यांवर गबर झाले. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, म्हणजे मालकाला खोट. मग न बसणाऱ्या कोंबड्यांचाच वंश वाढवीत गेले. वर्षाला अडीचशेवर अंडी. पण आईपण गेले ते गेलेच!

आमची गावठी साठ-सत्तरांवर जात नाही. मात्र २१ दिवस ती अंड्यांवर ठाण मांडते, आणि घार दिसताच पिले पंखाखाली घेते. जिच्या घरी यंत्र नाही, त्या बाईला पुढच्या साली पिले विकत आणावी लागतात की नाही, ते इथेच ठरते.

म्हणून मी सांगतो, लेगहॉर्न खुशाल घ्या. पण खुराड्यात एक गावठी असू द्या. लेगहॉर्नची अंडीही ती आपलीच समजून उबवते.