मराठवाड्यातील डिझेल मर्सिडीज: दोन टर्बोंकडून एकाकडे

ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि आलिशान मोटारींच्या बाजारात मराठवाड्याचे नाव गाजले. त्या दशकात चाकणला जुळणी होणाऱ्या ई 250 सीडीआयच्या 2143 सीसी डिझेल इंजिनाला दोन टर्बो असत. कमी फेऱ्यांवर लहान टर्बो लगेच दाब देई. फेऱ्या वाढल्या की मोठा काम हाती घेई. ताकद 204 अश्वशक्ती, टॉर्क 500 न्यूटन-मीटर. 2016 साली आलेल्या 1950 सीसी इंजिनात एकच टर्बो उरला. त्याच्या टर्बाइनभोवतीची पाती गरजेनुसार कोन बदलतात. ताकद 194 झाली, टॉर्क 400. लातूरच्या सपाट रस्त्यावर हे फारसे कळत नाही. बालाघाटच्या चढावर मात्र जुनी जोडीच सरस.