डायल-अपच्या काळातील लिनक्स

विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. विद्यार्थ्यांना स्वस्त ‘शेल’ खाते मिळे: मोडेमने फोन लावायचा आणि निगमाच्या युनिक्स संगणकावर ‘पाइन’मध्ये ई-मेल वाचायची. नुसती अक्षरे, चित्रे नाहीत. लिनक्सवाल्यांना त्यासाठी मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्राम पुरे. पेच पडला तो टीसीपी-आयपी खात्यांत, म्हणजे आपला संगणकच थेट इंटरनेटला जोडणाऱ्या खात्यांत. सेवादात्यांची मदत बहुधा विंडोजपुरतीच. फोनवरून होणाऱ्या या पीपीपी जोडणीतली लॉगिनची प्रश्नोत्तरे ‘चॅट’ स्क्रिप्टमध्ये स्वतःच लिहावी लागत. फोनचे बिल चढत असे, म्हणून एरिक रेमंड यांचा फेचमेल खरा उपयोगी: पत्रे उतरवून लाइन तोडायची, उत्तरे सावकाश लिहायची, पुढच्या जोडणीत सेंडमेल ती रवाना करी. विनमोडेम घेणारे मात्र फसले, कारण त्याचे बरेचसे काम विंडोजमधले सॉफ्टवेअरच करी. 1998मध्ये इंटरनेट सेवेतली निगमाची मक्तेदारी संपली.