बाणाचीं पिसें व कंकपक्ष्याचा प्रश्न

प्राचीन धनुर्विद्येसंबंधीं लिहितांना धनुष्य, ज्या व बाणाचें फळ यांचा विचार पुष्कळ होतो. परंतु बाणाच्या मागील टोंकास बांधलेल्या पिसांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः बाण सरळ जावयाचा तो या पिसांच्याच बळावर. तीं कोणत्या पक्ष्याचीं घेत, याविषयीं आपल्या वाङ्मयांत जीं प्रमाणें विखुरलेलीं आहेत त्यांची छाननी करून, ‘कंकपत्र’ या प्रसिद्ध शब्दाचा अर्थ निश्चित करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखांत केला आहे.

सर्वांत जुनें प्रमाण ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील 75 व्या सूक्ताचें होय. बाणानें सुपर्णाचें वस्त्र पांघरलें आहे, त्याचा दांत मृगाचा आहे आणि तो गाईच्या स्नायूंनीं बांधलेला आहे, असें तेथें वर्णिलें आहे. पीस, शिंगाचें फळ व तांतीचें बंधन हीं तिन्ही अंगें येथें स्पष्ट आहेत. पुढें अमरसिंहानें बाणाचीं जीं 12 नांवें दिलीं, त्यांपैकीं ‘खग’ व ‘पत्री’ हीं दोन पक्ष्याचींहि नांवें आहेत. पिसांवांचून बाण ही कल्पनाच पूर्वजांच्या मनांत नव्हती, असें यावरून दिसतें.

पिसाचें कार्य काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. ज्येवरून सुटलेला बाण जरा तिरपा होऊं लागतांच मागील पिसांवर हवेचा दाब पडतो व शेपूट पुन्हां रेषेंत येतें. हा दाब सोसण्यास पंखाचीं मोठीं, ताठ पिसेंच लागतात. अंगावरील मऊ पिसें निरुपयोगी होत. शिवाय डाव्या पंखांतील पिसाचा बांक एका बाजूस व उजव्यांतील पिसाचा दुसऱ्या बाजूस असतो. सबब एका बाणास एकाच बाजूच्या पंखाचीं पिसें लावावीं लागतात. मिश्रण झाल्यास एक पीस बाणास ज्या दिशेस फिरवूं पाहतें, त्या दिशेस दुसरें त्यास फिरूं देत नाहीं.

या व्यवहाराचे नियम इ. स. 1363 च्या शार्ङ्गधरपद्धतींत सांपडतात. हा ग्रंथ डॉ. पीटर्सन यांनीं 1888 सालीं मुंबईस प्रसिद्ध केला. त्यांतील धनुर्वेदप्रकरणांत काक, हंस, शशाद म्हणजे ससाणा, मत्स्याद, क्रौंच, मयूर, गृध्र व कुरर या आठ पक्ष्यांचीं पिसें उत्तम म्हटलीं आहेत. पीस 6 अंगुळें कापावें, शिंगाच्या धनुष्याकरितां 10 अंगुळें घ्यावें, प्रत्येक बाणास चार पिसें असावीं व तीं स्नायूंच्या तंतूंनीं घट्ट बांधावीं, असा विधि आहे. धनुष्याचा जोर जसा अधिक तसें पीस लांब, हा अनुभव या मापांच्या मुळाशीं असावा. मोराच्या पिसाविषयीं मात्र सर्वत्र एकमत नव्हतें. इंग्लंडांत रॉजर ॲस्कम यानें 1545 सालीं लिहिलेल्या ‘टॉक्सोफिलस’ ग्रंथांत हंसजातीय पाळीव पक्ष्याचें पीस श्रेष्ठ ठरवून, मोराचें पीस जड व खरबरीत असल्यामुळें तें शोभेसाठीं घेणारे पुढें सोडून देतात, असें म्हटलें आहे.

आतां मुख्य प्रश्न. महाभारतांत गार्ध्रपत्र बाणांइतकेच कंकपत्र बाणहि वारंवार येतात. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत दिलीपाचीं बोटें ज्या बाणाच्या पुंखास चिकटून राहिलीं तोहि कंकपत्रच. असें असतां शार्ङ्गधराच्या यादींत कंकाचें नांवच नाहीं. आपटे यांच्या कोशांत कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी असा अर्थ आहे. तो घेतल्यास यादींतील ‘मत्स्याद’ या शब्दांत त्याचा अंतर्भाव होऊं शकेल. परंतु त्यास मोठी अडचण आहे. महाभारतांतील रणभूमीच्या वर्णनांत कंक हा गृध्र व काक यांच्यासह प्रेतांवर तुटून पडतो. बगळा प्रेत खात नाहीं. आणि त्यास ‘बक’ हें निराळें नांव त्याच ग्रंथांत आहे.

मग कंक हा गिधाडाचाच एखादा प्रकार म्हणावा काय? तेथें सुश्रुत आड येतो. शरीरांत रुतलेलें शल्य काढण्याच्या यंत्रांत त्यानें कंकमुख श्रेष्ठ मानिलें. कारण तें सहज आंत शिरतें व शल्य धरून बाहेर निघतें. हा गुण लांब, सरळ चोंचीचा आहे, गिधाडाच्या आंकड्यासारख्या वळलेल्या चोंचीचा नव्हे. म्हणजे कंकाची चोंच लांब हवी, आहारांत प्रेतमांस हवें, पंखांचीं पिसें मोठीं व ताठ हवीं. आणि अमरकोशांतील ‘लोहपृष्ठ’ या पर्यायास अनुसरून पाठ लोखंडाच्या रंगाची हवी. या चारहि गोष्टी ढोकांच्या कुळांतील ज्या महाकाय पक्ष्यास बंगालींत हाडगिला म्हणतात त्याच्या ठायीं एकत्र आढळतात. सबब निदान महाभारतांतील कंक तो हाच असावा, असें आमचें अनुमान आहे. पुढें हा पक्षी बहुतेक प्रांतांत लोकांच्या नजरेआड झाला तसा शब्दहि बगळ्याकडे सरकला असावा.

हा वाद केवळ शब्दाचा नाहीं. पक्षी डोळ्यांसमोर असेपर्यंत कोशकारास साक्षीची गरज नसते. तो दिसेनासा झाला म्हणजे अर्थहि डळमळूं लागतो. गृध्राविषयीं आजवर असा संशय कोणास आला नाहीं. परंतु 1992 ते 2007 या काळांत हिंदुस्थानांतील पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या शेंकडा 99 हून अधिक घटली. गुरांस दिलेलें डायक्लोफिनॅक हें औषध त्यांच्या प्रेतांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन हा संहार झाला. गुरांकरितां त्याच्या वापरास 2006 सालीं बंदी करण्यांत आली. कंकाची जी गति झाली ती गृध्राची होऊं नये; नाहीं तर ‘गार्ध्रपत्र’ या शब्दाचा अर्थहि पुढील संशोधकास असाच अनुमानानें लावावा लागेल.